नवा पीसी जोडला, पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच? ‘नो डिस्प्ले’चं कारण असं शोधा

महिनोन्‌महिने पैसे साठवायचे, यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ बघायचे, एक पार्ट लॅमिंग्टन रोडवरून तर दुसरा ऑनलाइन सेलमधून असं करत सगळं सामान जमवायचं. मग एखाद्या रविवारी सगळं जोडून बटण दाबायचं. पंखे फिरतात, रॅमवरचे रंगीत दिवे लागतात आणि मॉनिटरवर दोनच शब्द येतात, ‘नो सिग्नल’.

दुरुस्तीच्या दुकानांत या दुखण्याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. घरी पीसी जोडणाऱ्या अनेकांची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडते. अशा वेळी डोक्यात पहिला विचार येतो, ‘मदरबोर्ड गेला’ किंवा ‘ग्राफिक्स कार्ड जळालं’. पण नव्या जोडणीत एखादा पार्ट मुळातच खराब निघण्यापेक्षा कनेक्शन अर्धवट बसणं, केबल चुकीच्या जागी लागणं किंवा दोन पार्टचं एकमेकांशी न जमणं, हीच कारणं जास्त वेळा सापडतात.

खरा धोका वेगळाच असतो. घाबरून सगळं भराभर उपसताना प्रोसेसरच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकली, तर चांगला असलेला मदरबोर्ड खरंच बाद होतो. वाकलेली पिन म्हणजे हाताळणीत झालेलं नुकसान, आणि असं नुकसान साधारणपणे वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून दोष शोधायचा तो बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे आणि एका वेळी एकच बदल करत. कसा, ते बघूया.

पंखे फिरतात म्हणजे पीसी चालू आहे का?

नाही. पंखे फिरणं आणि दिवे लागणं याचा अर्थ एवढाच की वीज मदरबोर्डपर्यंत पोहोचली.

बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करतो. तिला ‘पॉवर ऑन सेल्फ टेस्ट’ म्हणजे ‘पोस्ट’ म्हणतात (फेसबुकवरची नव्हे). आधी प्रोसेसर, मग रॅम, मग ग्राफिक्स आणि शेवटी हार्ड डिस्क किंवा एसएसडी, असा साधारण क्रम असतो. एखाद्या टप्प्यावर अडलं की गाडी पुढे सरकत नाही. स्क्रीनवर चित्र येतं ते ग्राफिक्सचा टप्पा पार झाल्यावर. त्यामुळे दोष प्रोसेसरच्या वायरमध्ये असो की रॅममध्ये, बाहेरून दिसणारं लक्षण एकच, काळी स्क्रीन.

ही पद्धत जुनी आहे. आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१ मध्ये आला, तेव्हाही तपासणी नीट पार पडली की तो एक छोटा ‘बीप’ द्यायचा. आज तो स्पीकर बऱ्याच कॅबिनेटमध्ये नसतो, पण मदरबोर्ड आपली तक्रार दुसऱ्या मार्गाने सांगतो. त्याबद्दल पुढे येईलच.

थोडक्यात, ‘कुठला पार्ट खराब आहे?’ हा प्रश्न सुरुवातीला विचारायचाच नाही. ‘गाडी कुठल्या स्टेशनवर थांबली आहे?’ हे विचारायचं.

सगळ्यात आधी, थांबा

तुमच्या पीसीत डीडीआर५ रॅम असेल, तर पहिल्यांदा चालू करताना लगेच बंद करू नका. नवी रॅम बसवली की मदरबोर्ड तिच्याशी जुळवून घेतो. याला ‘मेमरी ट्रेनिंग’ म्हणतात. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर, म्हणजे रायझन ७००० आणि त्यापुढच्या प्रोसेसरवर, हे काम पहिल्या वेळी काही मिनिटं चालू शकतं. रॅम जितकी जास्त, तितका वेळ जास्त. या काळात स्क्रीन काळीच राहते आणि पीसी एक-दोनदा आपोआप बंद होऊन पुन्हा चालूही होऊ शकतो.

लोक नेमके इथेच फसतात. दोन मिनिटांत कंटाळून बटण दाबून बंद करतात आणि पुढच्या वेळी ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं वाट बघा. तरीही काही आलं नाही, तर पुढच्या पायरीवर जा.

कॅबिनेट न उघडता काय तपासायचं?

पहिली गोष्ट, मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? कॅबिनेटच्या मागे एचडीएमआय लावायच्या दोन जागा असू शकतात. वर यूएसबीच्या शेजारी दिसतो तो मदरबोर्डचा पोर्ट. त्याच्या खाली, आडव्या पट्टीत दिसतो तो ग्राफिक्स कार्डचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर केबल कार्डलाच लावायची. नव्या जोडणीतली ही सगळ्यात नेहमीची चूक आहे.

याच्या उलटही घडतं. ग्राफिक्स कार्ड घेतलेलं नसतं, केबल मदरबोर्डला बरोबर लावलेली असते, पण प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ आहे, उदाहरणार्थ आय५-१२४००एफ, त्यात ग्राफिक्सची सोय नसते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० किंवा ५६००एक्समध्येही ती नाही, ५६००जीमध्ये आहे. रायझन ५ ७६०० मध्ये छोटंसं ग्राफिक्स असतं, पण ७५००एफमध्ये नसतं. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर आणि कार्डही नाही, अशी जोडी असेल तर पीसी बिघडलेला नाही. चित्र दाखवणारं त्यात कोणी नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट, मॉनिटर. त्याच्या मेन्यूत जाऊन इनपुट बरोबर आहे का बघा. केबल एचडीएमआयची आणि मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर लावून ठेवलेला, हे सर्रास होतं. केबल बदलून बघा. दुसरा मॉनिटर नसेल तर घरातला टीव्ही चालतो. तीच केबल आणि तोच मॉनिटर एखाद्या लॅपटॉपला लावून चित्र येतं का, हेही बघता येतं.

तिसरी गोष्ट, डिस्प्लेपोर्ट वापरत असाल तर एकदा एचडीएमआय लावून बघा. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १००० सिरीजच्या काही कार्डांवर, डिस्प्लेपोर्ट १.३ किंवा १.४ च्या मॉनिटरला लावल्यावर विंडोज सुरू होईपर्यंत स्क्रीन काळी राहायची. त्यासाठी कंपनीने २०१८ मध्ये फर्मवेअर अपडेटही दिला. ही कार्डं आज सेकंडहँड बाजारात भरपूर फिरतात आणि नव्या पीसीत सेकंडहँड कार्ड टाकणारेही कमी नाहीत.

लक्षण कुठलं आहे, ते ओळखा

आता पीसीकडे नीट लक्ष देऊन बघा. साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, बटण दाबल्यावर काहीच होत नाही. पंखा नाही, दिवा नाही. इथे आधी वीज तपासा. भिंतीवरचं बटण, स्पाइक बस्टर, एसएमपीएसच्या मागचा छोटा स्विच. त्यावर रेघ असलेली बाजू दाबलेली म्हणजे चालू, गोल असलेली म्हणजे बंद. हे सगळं ठीक असेल तर कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर मदरबोर्डच्या चुकीच्या पिनांवर लागली असण्याची शक्यता मोठी. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ‘फ्रंट पॅनल’चं चित्र असतं. त्यात ‘पॉवर स्विच’च्या दोन पिना शोधून वायर तिथेच आहे ना, ते बघा.

दुसरा, पंखे क्षणभर फिरतात आणि बंद पडतात, पुन्हा फिरतात, पुन्हा बंद. मेमरी ट्रेनिंगची वेळ उलटून गेल्यावरही असं होत असेल तर कुठेतरी शॉर्ट होत असावं किंवा एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होत असावा. चालू होऊन काही वेळाने बंद होत असेल तर कूलरकडे बघा. प्रोसेसरला टेकणाऱ्या बाजूची प्लास्टिकची फिल्म काढायची राहून गेलेली असते.

तिसरा, सगळं फिरतं, सगळं चमकतं, पण चित्र नाही. खरा ‘नो डिस्प्ले’ तो हाच.

मदरबोर्डवरचे चार दिवे काय सांगतात?

गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक मदरबोर्डवर एका कडेला चार बारीक दिवे असतात. त्यांच्या शेजारी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असं लिहिलेलं असतं. एमएसआय त्यांना ‘ईझी डीबग एलईडी’ म्हणते, एसुस ‘क्यू-एलईडी’. नावं वेगळी, काम एकच. पीसी चालू होताना हे दिवे एकामागून एक लागून विझतात. जो दिवा लागून राहतो, त्या स्टेशनवर गाडी अडली.

सीपीयूचा दिवा राहिला तर तीन गोष्टी तपासायच्या. प्रोसेसरची वायर, बायोसची आवृत्ती आणि सॉकेटच्या पिना.

डीरॅमचा दिवा राहिला तर रॅम. पण एक लक्षात ठेवा, रॅमशी बोलणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो. त्यामुळे रॅम ठणठणीत असूनही प्रोसेसर नीट बसला नसेल, सॉकेटची पिन वाकली असेल किंवा कूलर एका बाजूने जास्त आवळला गेला असेल, तरी हाच दिवा लागतो.

व्हीजीएचा दिवा राहिला तर ग्राफिक्स कार्ड, त्याची पॉवर वायर, नाहीतर मॉनिटरची केबल. काही बोर्डांवर मॉनिटर बंद असला तरी हा दिवा लागून राहतो.

बूटचा दिवा राहिला तर खरं तर आनंद माना. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स, तिन्ही पास झाले आहेत. नव्या एसएसडीवर विंडोज टाकलेलं नसेल तर हा दिवा लागणारच. तरीही स्क्रीन काळी असेल, तर दोष बहुधा मॉनिटर, केबल किंवा पोर्टच्या बाजूला आहे.

तुमच्या बोर्डवर दिवे नसतील तर बाजारात मिळणारा छोटासा बझर स्पीकर फ्रंट पॅनलच्या पिनांवर लावता येतो. बीप किती लांब आणि किती वेळा वाजतो यावरून दोष कळतो. मात्र प्रत्येक कंपनीची बीपची भाषा वेगळी असते. त्यामुळे इंटरनेटवरच्या कुठल्याही तक्त्यावर न जाता आपल्या बोर्डच्या पुस्तिकेतला तक्ताच बघा.

आता कॅबिनेट उघडूया

एसएमपीएसचा स्विच बंद करा, प्लग काढा आणि मग पीसीचं बटण एकदा दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेला विजेचा साठा रिकामा होईल. काम करताना कॅबिनेटच्या उघड्या लोखंडी भागाला अधूनमधून हात लावत राहा. थंडीच्या कोरड्या हवेत, लोकरीचा स्वेटर घालून काम करू नका. अंगावरची स्थिर वीज तुम्हाला जाणवणारही नाही, पण चिपला ती पुरेशी असते.

पॉवरच्या वायरी: मदरबोर्डला २४ पिनांची एक मोठी वायर लागते. तिच्याशिवाय वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी ८ पिनांची वेगळी वायर लागते. ती लावायची राहिली तरी पंखे फिरतात आणि दिवेही लागतात, पण प्रोसेसर उपाशीच राहतो. ही जागा कूलरच्या आड आणि कॅबिनेटच्या छताला चिकटून असते, म्हणून ती विसरली जाते किंवा वायर अर्धवट बसते.

ही वायर ४ अधिक ४ अशी फुटते आणि तिच्यावर ‘सीपीयू’ असं लिहिलेलं असतं. ग्राफिक्स कार्डची वायर ६ अधिक २ अशी फुटते. दोन्ही सारख्याच दिसतात, पण एकीच्या जागी दुसरी लागत नाही. जोर लावावा लागत असेल तर वायर चुकीची आहे असं समजा. आणखी एक, मॉड्युलर एसएमपीएस असेल तर त्याच्यासोबत आलेल्याच वायरी वापरा. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. दुसऱ्या कंपनीची वायर त्यात अगदी सहज बसते आणि पार्ट जाळून टाकते.

रॅम: दोन काड्या असतील आणि स्लॉट चार, तर त्या प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या. बोर्डवर हे स्लॉट बहुतेक ए२ आणि बी२ या नावाने असतात. रॅमला लोक घाबरून हळुवार दाबतात, त्यामुळे एक टोक वर राहतं. दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या, ‘टक्’ असा आवाज यायला हवा. काही बोर्डांवर लॉक एकाच बाजूला असतं, त्यामुळे दुसऱ्या बाजूला आवाज आला नाही म्हणून जोर करत बसू नका.

तरीही चित्र नसेल तर एकच काडी ठेवा आणि ती ए२ मध्ये लावा. नाही चाललं तर दुसरी काडी त्याच स्लॉटमध्ये. मग स्लॉट बदलून. यातून काडी खराब की स्लॉट खराब, हे स्पष्ट होतं. डीडीआर५ असेल तर प्रत्येक बदलानंतर पुन्हा थांबावं लागेल, हे विसरू नका.

ग्राफिक्स कार्ड: काढून पुन्हा बसवा. स्लॉटच्या टोकाचा खटका लागला पाहिजे. कॅबिनेटची मागची पट्टी आडवी येत असली की कार्ड वरवर बसल्यासारखं दिसतं, पण एका बाजूने उचललेलं राहतं. कार्डाला पॉवरची जागा असेल तर तिथे वायर लागलीच पाहिजे. नव्या महागड्या कार्डांवर १६ पिनांचा कनेक्टर असतो, तो शेवटपर्यंत आत गेला आहे का ते डोळ्यांनी बघा. अर्धवट बसलेला असा कनेक्टर तापून वितळू शकतो. कार्ड उभं लावण्यासाठी रायझर केबल वापरली असेल, तर तपासणीपुरतं कार्ड थेट मदरबोर्डवर लावा.

प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर काम आणखी सोपं. कार्ड पूर्ण बाजूला काढा आणि केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. चित्र आलं तर प्रोसेसर, रॅम आणि बोर्ड एकदम निर्दोष सुटले.

सगळे पार्ट चांगले, तरीही जमत नाही?

असं होऊ शकतं. मदरबोर्डवर ‘बायोस’ नावाचं सॉफ्टवेअर असतं. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा जे प्रोसेसर बाजारात नव्हते, त्यांची त्याला ओळख नसते. बी४५० बोर्डला रायझन ५००० मालिकेतला प्रोसेसर हवा असेल, बी६६० बोर्डवर इंटेलचा तेराव्या पिढीचा प्रोसेसर टाकायचा असेल किंवा बी६५० वर रायझन ९००० मालिका, तर बायोस नवा असावा लागतो. सॉकेट तोच, प्रोसेसर व्यवस्थित बसतो, पण बोर्ड त्याला ओळखत नाही. सेलमध्ये स्वस्तात मिळालेला बोर्ड अनेक महिने गोदामात पडून असेल, तर हा घोळ हमखास होतो.

कसं ओळखायचं? बोर्डच्या कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलच्या पानावर प्रोसेसरची यादी असते. कुठल्या प्रोसेसरला किमान कुठली बायोस आवृत्ती लागते, ते तिथे लिहिलेलं असतं. बोर्डवर सध्या कुठली आवृत्ती आहे, याचं स्टिकर बऱ्याचदा बोर्डवर किंवा खोक्यावर असतं.

उपाय आहे. अनेक बोर्डांवर प्रोसेसर चालत नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस टाकायची सोय असते. एसुस तिला ‘बायोस फ्लॅशबॅक’ म्हणते, गिगाबाइट ‘क्यू-फ्लॅश प्लस’ आणि एमएसआय ‘फ्लॅश बायोस बटण’. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, फाइलला पुस्तिकेत सांगितलेलं नाव द्यायचं, ठरलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावायचा आणि मागचं छोटं बटण दाबायचं. काम संपेपर्यंत वीज जाता कामा नये. तुमच्या भागात लोडशेडिंग असेल तर यूपीएस नसताना हे करू नका. मध्येच वीज गेली तर बायोस अर्धवट राहतो. ही सोय नसलेल्या बोर्डचा बायोस दुकानात जुना प्रोसेसर लावून अपडेट करून मिळतो.

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड खूप जुनं असेल तर आणखी एक अडचण येऊ शकते. आजचे बोर्ड यूईएफआय पद्धतीने चालू होतात आणि जुन्या काही कार्डांना ती भाषाच येत नाही. अशा वेळी कार्ड चांगलं असूनही चित्र येत नाही.

बायोसची सेटिंग गडबडली असेल तर ‘क्लिअर सीएमओएस’ करून मूळ सेटिंगवर जाता येतं. प्लग काढायचा, बोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल पाच-दहा मिनिटं काढून ठेवायचा आणि परत लावायचा. किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने काही सेकंद जोडायच्या. रॅमचा वेग वाढवणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो सेटिंग चालू केल्यावर चित्र गेलं असेल तर हाच उपाय लागू पडतो.

शेवटची पायरी, पीसी खोक्यावर मांडा

इतकं करूनही काही होत नसेल तर मदरबोर्ड कॅबिनेटबाहेर काढा आणि तो ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आला त्याच खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर मात्र ठेवू नका, तिच्या बाहेरच्या बाजूतून वीज वाहू शकते. आता त्यावर फक्त प्रोसेसर, कूलर, रॅमची एक काडी आणि एसएमपीएसच्या दोन वायरी. ग्राफिक्स कार्ड गरज असेल तरच. एसएसडी, आरजीबी, कॅबिनेटचे पंखे, पुढचे यूएसबी, सगळं काढून टाका.

कॅबिनेटचं बटण नाही म्हणून पॉवर स्विचच्या त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. इथे व्होल्टेज खूप कमी असतं, झटका बसत नाही. फक्त त्याच दोन पिनांना टेकवा, शेजारच्या नाही.

खोक्यावर चित्र आलं तर दोष कॅबिनेटमध्ये आहे. मदरबोर्डच्या मागे जिथे भोक नाही तिथे पितळेचा एखादा जादाचा स्टँडऑफ राहिला असेल, किंवा सांडलेला स्क्रू बोर्डखाली अडकला असेल. तिथे शॉर्ट होतं. मग एकेक पार्ट परत लावत जा आणि प्रत्येक वेळी चालू करून बघा. ज्या पार्टनंतर चित्र जाईल, तो गुन्हेगार.

खोक्यावरही चित्र नसेल तर प्रोसेसर काढून सॉकेट बघा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून, तिरक्या उजेडात. इंटेलच्या बोर्डांवर आणि एएम५ वर पिना सॉकेटमध्ये असतात, एएम४ वर त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात. सगळ्या पिना एका ओळीत, सारख्या चमकताना दिसल्या पाहिजेत. एखादी वेगळी चमकत असेल तर ती वाकलेली आहे. घरी सुईने सरळ करायच्या फंदात पडू नका, आधी फोटो काढून ठेवा.

एएम४ चा कूलर काढायचा असेल तर आधी पीसी थोडा वेळ चालवून कोमट होऊ द्या आणि कूलर हलकेच गोल फिरवत काढा. सरळ वर ओढला तर सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात.

मग दुकानात कधी जायचं?

इथपर्यंत आलात तर पर्याय तीनच उरतात, मदरबोर्ड, प्रोसेसर किंवा एसएमपीएस. यातला नेमका कुठला, हे ठरवायला दुसरा चांगला पार्ट लागतो. मित्राच्या चालू पीसीत तुमची रॅम आणि ग्राफिक्स कार्ड लावून बघता येतात. मित्राचा एसएमपीएस तुमच्या बोर्डला लावायचा तर त्याच्याच वायरींसकट लावा. एसएमपीएस उघडून बघण्याचा विचारही करू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो.

दुकानात जाताना तुमच्या हातात काय आहे, यावर बरंच अवलंबून असतं. नुसतं ‘डिस्प्ले येत नाही’ म्हटलं तर प्रत्येक दुकानदार दुसऱ्याच्या पार्टकडे बोट दाखवतो. बोर्ड एकाकडून, रॅम दुसऱ्याकडून आणि प्रोसेसर ऑनलाइन घेतला असेल तर तुम्ही मधल्यामध्ये अडकता. पण ‘खोक्यावर ठेवून, एका काडीवर, डीरॅमचा दिवा लागून राहतो. दोन्ही काड्या दुसऱ्या पीसीत चालतात. बायोस या प्रोसेसरला पुरेसा नवा आहे’ असं सांगितलं, तर चर्चा तिथूनच पुढे जाते. प्रत्येक पायरीचा छोटा व्हिडिओ, सॉकेटचा फोटो आणि बिल जवळ ठेवा.

आणि हे सगळं लवकर करा. दुकान किंवा वेबसाइट बदलून देण्यासाठी मोजकेच दिवस देते. ती मुदत संपली की पार्ट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातो आणि वाट बघावी लागते. म्हणून सामान एकेक करून महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आधी घेतलेला पार्ट खोक्यात पडून असतानाच त्याची बदलून मिळायची मुदत निघून जाते. शक्य असेल तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि एसएमपीएस एकाच वेळी आणि एकाच ठिकाणाहून घ्या.

चित्र आलं, आता पुढे काय?

स्क्रीनवर कंपनीचा लोगो किंवा बायोसचा मेन्यू दिसला की ‘नो डिस्प्ले’ संपला. त्यानंतर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला तर घाबरायचं कारण नाही, विंडोज किंवा लिनक्स अजून टाकायचं आहे एवढाच त्याचा अर्थ. बायोसमध्ये रॅम पूर्ण दिसते का, प्रोसेसरचं नाव बरोबर आहे का आणि त्याचं तापमान चढत तर नाही ना, हे बघून घ्या. रॅमचा वेग वाढवणं, ओव्हरक्लॉकिंग वगैरे नंतर. आधी पीसी साध्या सेटिंगवर एक-दोन दिवस नीट चालू द्या.

पुन्हा कधी स्क्रीन काळी झालीच, तर क्रम हाच. थांबा, केबल आणि मॉनिटर बघा, दिवा वाचा, वायरी दाबा, एका काडीवर या, बायोस तपासा, खोक्यावर मांडा. आणि एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलून पीसी चालू झाला, तर दोष नेमका कशात होता हे कधीच कळणार नाही.